रूपांतराची परवानगी

देवलांचा फाल्गुनराव आमच्या नाट्यरसिकांस इतका घरचा वाटतो कीं, त्याचें कूळ परदेशांतलें आहे हें मुद्दाम सांगावें लागतें. मोल्येरच्या १६६० मधील प्रहसनावरून आर्थर मर्फीनें १७६१ मध्यें इंग्रजी नाटक रचिलें, आणि त्यावरून ‘संशयकल्लोळ’ अवतरलें. आगरकरांचें ‘विकारविलसित’ (१८८३) व देवलांचें ‘झुंजारराव’ (१८९०) हीं शेक्सपिअरचीं रूपांतरें. मूळ कर्ते केव्हांच निवर्तलेले असल्यामुळें येथें परवानगीचा प्रश्नच नव्हता. नौपाड्यांतून गडकरी रंगायतनाकडे नाटक पाहण्यास जाणाऱ्या आम्हां ठाणेकरांची अभिरुचि अशा उसनवारीवरच पोसली आहे.

मग कर्ता हयात असतां काय करावें? १९१४ च्या हिंदी कायद्यानें येथें प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क दहा वर्षांपुरताच ठेविला. त्या मुदतींत कर्त्यानें स्वतः किंवा त्याच्या संमतीनें दुसऱ्यानें भाषांतर छापिलें, तरच त्या भाषेपुरता तो पुढें टिके. १९५७ च्या कायद्यानें ही सवलत काढून भाषांतर व रूपांतर दोन्ही कर्त्याच्या स्वाधीन केलीं. तथापि बत्तिसाव्या कलमानें एक दार उघडें ठेविलें: सात वर्षांत एखाद्या भाषेंत भाषांतर न निघाल्यास, योग्य मानधन देऊन परवाना मागतां येतो. पुढें १९७८ मध्यें आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, कल्पना व कथाविषय यांवर कोणाचीच मालकी नाहीं. मालकी आहे ती मांडणीवर.

हाच भेद आज एका नव्या खेळास लागू पडत आहे. १९७४ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळांत मंडळी टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकीत, एकेका पात्राची भूमिका घेऊन कथा रचितात. २००० सालीं प्रकाशकांनीं एक खुला परवाना देऊन नियमांचा गाभा इतरांस वापरूं दिला. जानेवारी २०२३ मध्यें तो परवाना बदलून मोठ्या विक्रीवर हिस्सा मागण्याचा बेत बाहेर येतांच खेळाडू खवळले. आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस प्रकाशकांस नियमांचा तो पाठ, केवळ श्रेयनिर्देशाच्या अटीवर, सर्वांस खुला करावा लागला.

उद्यां आमच्या एखाद्या तरुणानें तो खेळ सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आणून मराठींत उतरविला, तर खुल्या नियमांस श्रेयनिर्देश पुरे. परंतु दुसऱ्याची छापील कथा, चित्रें व नकाशे घ्यावयाचे तर परवानगी हवीच.

कोणी म्हणतील, हौसेच्या कामास एवढा काच कशाला? आमचें मत उलट आहे. परवानगी संदिग्ध असली कीं भित्रा लिहीतच नाहीं आणि धीट चोरी करितो. दोहोंकडून नुकसान लहान भाषेचें. अट सौम्य असावी, पण ती लेखी असावी. उसनें घेणें हें आमच्या रंगभूमीस कधींच लाजिरवाणें वाटलें नाहीं. तें कोणाकडून घेतलें, हें सांगण्याचीहि लाज वाटूं नये.