लॉयल्टी (आगबोट)
सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे पहिले जहाज. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेल्या या जहाजाचे जलावतरण १८९० मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने झाले. टनभार ५,९०५. पहिली मालक कॅनेडियन पॅसिफिक कंपनी. तिच्यासाठी ते सुमारे तेवीस वर्षे व्हँकूव्हर–हाँगकाँग मार्गावर टपाल, उतारू, चहा व रेशीम यांची ने-आण करीत होते. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतले व ‘लॉयल्टी’ म्हणजे राजनिष्ठा असे नाव देऊन पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांसाठी त्यावर रुग्णालय थाटले.

युद्धानंतर १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी स्थापिलेल्या कंपनीने ते घेतले. कंपनीला नावही शिंदे घराण्याचेच मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. राजनिष्ठेचे नाव धारण करणाऱ्या जहाजाने इंग्रजी कंपन्यांच्या मक्तेदारीस आव्हान द्यावे, हा योगायोग लक्षणीय होय. ही तारीख १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते.

व्यापारी दृष्ट्या मात्र हा सौदा किफायतशीर ठरला नाही. जहाज जुने, खर्चिक आणि मुळात उतारूंच्या सोयीसाठी बांधलेले. कंपनीला लवकरच निव्वळ मालवाहू बोटी घ्याव्या लागल्या. त्यांच्याविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांनी भाडेदर पाडले. १९२३ मध्ये लॉयल्टी मुंबईत मोडीत निघाले. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी झालेल्या दहा वर्षांच्या करारान्वये कंपनीला ७५,००० टनांची मर्यादा व केवळ किनारी वाहतूक पतकरावी लागली.