केडगावची प्रार्थना चिलीला कशी पोचली?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत केडगाव लागतं. नगरजवळचं केडगाव वेगळं हां! आजची गोष्ट या केडगावातल्या मुक्ती मिशनच्या चर्चची.

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेत एका परिच्छेदात भेटतात. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदासदन काढणाऱ्या. बास, धडा संपला. पुढचं कोणी सांगत नाही.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथे धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या आणि काही मुली शेजारी येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

मग आला दुष्काळ. १८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात माणसं उपाशी मरत होती. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळे त्यांना राहवेना. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. १८९९ मध्ये तिथे चर्चचा पाया घातला गेला. पाठोपाठ गुजरातचा दुष्काळ पडला आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

आता अवघड प्रश्न. या मुली भाकरीसाठी ख्रिस्ती झाल्या का? खरं सांगायचं तर दुष्काळ नसता तर हे चर्च एवढं वाढलंच नसतं. उपाशी मुलीला निवड करायला कितीशी जागा असते? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

पण गोष्ट तिथेच थांबत नाही. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला स्वेच्छेने कोण येईल, असं विचारलं. सत्तरएक जणी आल्या. जूनपर्यंत आकडा साडेपाचशेवर गेला आणि चर्चमध्ये मोठी जागृती झाली. रडणं, मोठ्याने प्रार्थना, रात्र रात्र जागरण. नंतर याच मुलींच्या तुकड्या गावोगाव उपदेशाला निघाल्या. काल जिला कोणी दारात उभं केलं नसतं, ती आज लोकांसमोर बोलत होती!

लक्षात घ्या, पेंटेकोस्टल चळवळीची सुरुवात म्हणून जगभर ज्याचं नाव घेतात, ते लॉस एंजलिसचं अझुसा स्ट्रीट १९०६ चं. केडगाव त्याच्या आधीचं.

मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. ती वाचून हूव्हर दांपत्याच्या वालपाराइसोच्या चर्चमध्येही तशाच प्रार्थना सुरू झाल्या. १९०९ मध्ये तिथे जागृती झाली आणि त्यातून चिलीची पेंटेकोस्टल चर्चेस उभी राहिली. व्हॉट्सअॅप नव्हतं, तरी फॉरवर्ड झालंच की!

रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात तयार झालं. तिथे खिळे जुळवायला याच बायका होत्या.

म्हणून मला वाटतं, या मुली इथे का आल्या हा निम्माच प्रश्न आहे. आल्यावर त्यांनी काय केलं, हा उरलेला निम्मा. आपल्या पुस्तकांत दोन्हीला जागा नाही. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!