नाव नगं, तर पैकं बी नगं

आमच्या कामथडीच्या घरात, फडताळाच्या वरच्या खणात लाल कापडी बांधणीची एक वही आहे. माझ्या आजोबांची, आबांची. गावच्या जत्रेच्या वर्गणीचा हिशेब ते या वहीत ठेवत. रकाने चारच : घर, नाव, रक्कम, पावती. जत्रा उलगडली की दुसऱ्या दिवशी पारावर बसून आबा वही मोठ्यानं वाचत. कुणाचे दोन रुपये, कुणाचे पायलीभर तांदूळ, मुंबईकरांनी काय धाडलं, पैलवानांच्या इनामाला काय गेलं, वाजंत्र्यांना काय. शेवटी शिल्लक. आम्हा पोरांना ते वाचन सरता सरत नसे. खोबऱ्याचा प्रसाद त्यानंतरच मिळायचा, म्हणून बसून राहायचो.

आबांचं पहिलं मत १९५२ चं. भोर संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती. संस्थानिक पंतसचिवांचा अंमल पाहिलेल्या माणसांना आता 'राज्य कुणाचं' हे विचारायला सरकार दारात आलं होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर चिन्ह, आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आबांच्या आईनं म्हणे पेटीला हात जोडले आणि कागदासोबत एक नाणंही आत सोडलं. हे ऐकून आम्ही खो-खो हसायचो. पुढं कधीतरी वाचलं, की त्या निवडणुकीत मतपेट्यांतून खरोखरच नाणी, नोटा, चिठ्ठ्या निघाल्या होत्या. मग हसू आवरलं. पणजीला ती देवापुढची पेटी वाटली होती. पैसा मतदाराच्या हातून पेटीत गेला होता. त्याची उलटी वाट नंतर सापडली.

लोकसभेच्या उमेदवाराला त्या वेळी बहुतेक राज्यांत २५ हजार रुपये खर्चाची मुभा होती. आबांच्या तोंडी त्या काळचा प्रचार म्हणजे बैलगाडी, कर्णा आणि कार्यकर्त्याच्या ओसरीवरची पिठलं-भाकरी. आज महाराष्ट्रात लोकसभेसाठी मर्यादा ९५ लाख आहे, विधानसभेसाठी ४० लाख. महामार्गावरचे ढाबे निवडणुकीच्या पंधरवड्यात कसे पेटलेले असतात, हे आमच्या गावाला सांगायला नको. त्या जेवणावळी कुणाच्या हिशेबात चढतात, हे मात्र ढाबेवालाही सांगत नाही.

वहीचं पहिलं पान १९५७ सालचं. त्याच साली तिकडे मुंबईच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढं टाटांच्या पोलाद कंपनीचा अर्ज होता. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीला आपल्या घटनापत्रकात बदल हवा होता. कायद्यात आडकाठी नव्हती, म्हणून न्यायालयानं परवानगी दिली. पण देता देता बजावलं, की कंपन्यांचा पैसा असा पक्षांकडे जाऊ लागला तर लोकशाहीला धोका आहे, संसदेनं याचा विचार करावा. संसदेनं १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी घातली आणि १९८५ मध्ये उठवली.

मी सहावीत असेन. निवडणुकीचं वर्ष होतं. एक जीप पारापाशी थांबली. उतरलेल्या माणसानं आबांना बाजूला घेऊन सांगितलं, यंदाच्या जत्रेचा सगळा खर्च आमच्याकडं, तमाशासुद्धा. फक्त नाव घेऊ नका.

आबांनी वही उघडली. "घरटी पाच रुपयं ठरलंत. पाच द्या, पावती फाडतो."

"अहो आबा, नाव नको म्हणतोय ना."

"नाव नगं, तर पैकं बी नगं."

जीप गेली. त्या वर्षी तमाशा झाला नाही, आणि आम्ही पोरं आबांवर आठवडाभर रुसलो होतो.

आबांच्या त्या दोन वाक्यांभोवती देशाचा कायदा पन्नास वर्षं घोटाळतो आहे. एक, घरटी किती ते ठरवा. दोन, नाव वाचा. पहिल्याचं काय झालं? १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा. काही दिवसांतच वटहुकूम काढून सरकारनं तो निकाल बोथट केला. म्हणजे घरटी पाच ठरलेच, पण चुलत्यानं परस्पर दिलेले मोजायचे नाहीत! पुढं २००३ मध्ये ती पळवाट बरीच आवळली, तरी खुद्द पक्षाच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. दुसऱ्याचं तर उघडच उलटं झालं. २०१८ पासून पक्षांना देणगी द्यायला स्टेट बँकेतून निवडणूक रोखे मिळू लागले. देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही, हीच त्यांची खुबी. सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेल्यावर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ती योजना घटनाबाह्य ठरवली. कोण कुणाला देतो हे कळणं हा मतदाराचा हक्क आहे, असं ते म्हणाले. मला जीपवाला आठवला.

पण नुसतं नाव वाचूनही भागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली दोन कोटी पाच लाखांवर, तीही मंदिराच्या कामासाठी, साऱ्या गावासमोर. नंदुरबारच्या खोंडामळीत बोली ४२ लाखांची. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. तिथं काहीच लपलेलं नव्हतं. तरी ती वर्गणी नव्हती. वर्गणीत पन्नास देणाऱ्यालाही खोबऱ्याचा तुकडा पाच देणाऱ्याएवढाच मिळतो. लिलावात सगळा प्रसाद एकाच्याच ताटात.

आमच्याकडं लिलाव नाही. आमच्याकडं मुंबईहून मतदार आणायला गाड्या लागतात. मतदारांना असं वाहून आणणं कायद्यानं भ्रष्ट आचार आहे, हे गाडीत बसणाऱ्या कुणाला ठाऊक नसतं. सरपंचपदाच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा २०१७ साली गावाच्या आकाराप्रमाणं ५० हजारांपासून पावणेदोन लाखांपर्यंत ठरली होती. हिशेब दिला नाही तर पाच वर्षं अपात्र. हिशेब बहुतेक सगळेच देतात. तो पारावर कुणी वाचत नाही.

मागच्या एका निवडणुकीत आमच्या दाराच्या फटीतूनही एक पाकीट आत आलं. कुणाचं, ते आळीला ठाऊक होतं; पाकिटावर नाव नव्हतं. मी परत करायला गेलो नाही. भांडण नको म्हणून, की कशाला वाईटपणा घ्या म्हणून, हे आता नीट सांगताही येत नाही. आई म्हणाली, "देवळाच्या पेटीत टाक, म्हंजी झालं."

निघालोही होतो. उंबऱ्यात थांबलो. देवाच्या नावावर खपवायचं तर उमराण्याचं आणि माझं वेगळं ते काय? पाकीट फडताळात, आबांच्या वहीखाली सरकवलं. अजून तिथंच आहे. एकदा वाटलं, वहीत नोंद तरी करावी. घर लिहिलं, रक्कम लिहिली. नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.