धोनी मुंबईला का मिळाला नाही?

आयपीएलचा लिलाव आला की कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू येतं, "पैसा आहे, उधळतायत." नेहमीच तसं नसतं हो.

२० फेब्रुवारी २००८, नरिमन पॉइंटचं हॉटेल, पहिला लिलाव. हातोडा रिचर्ड मॅडली यांच्या हातात. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ५० लाख डॉलर. सचिन, गांगुली, द्रविड, युवराज, सेहवाग हे 'आयकॉन', म्हणजे लिलावाबाहेर. पण अट अशी, की आयकॉनला संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे.

धोनीचं नाव आलं. चेन्नई आणि मुंबई चढत गेले. आता मुंबईचं गणित बघा. धोनी १५ लाखांना घेतला, तर सचिनला १७ लाख २५ हजार द्यावे लागणार. दोघांतच ५० पैकी ३२ लाख २५ हजार संपले! चेन्नईकडे आयकॉन नव्हता, त्यांना १५ लाख म्हणजे फक्त १५ लाख. धोनी तिकडे गेला. मुंबईने नंतर जयसूर्याला ९ लाख ७५ हजारांना घेतलं आणि सचिनला मिळाले ११ लाख २१ हजार २५०. चेन्नईचं पुढचं सगळं राज्य या एका कलमावर उभं राहिलं, असं मला तरी वाटतं.

पुढे लिलाव हाच कार्यक्रम झाला. टीव्ही, मोबाईल, टेबलावरच्या मालकांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा. नियमही आता नाट्य वाढवणारे! नोव्हेंबर २०२४, जेद्दा. पंजाबने श्रेयस अय्यरला २६.७५ कोटींना घेतलं, विक्रम झाला. तो काही मिनिटंच टिकला. ऋषभ पंतवर लखनौची बोली २०.७५ कोटींवर थांबली, तेव्हा दिल्लीने आपला जुना खेळाडू त्याच किमतीत परत घ्यायचा हक्क वापरला. नवा नियम असा, की लखनौला एकदा शेवटचा आकडा सांगता येतो. त्यांनी थेट २७ कोटी सांगितले. एका झटक्यात सव्वासहा कोटी! थोडं-थोडं वाढवायची सोयच नव्हती, दिल्ली घाबरेल असाच आकडा हवा होता. दिल्लीने हात वर केले.

बघायला मजा येते, मीही बघतो. पण त्याच जेद्दात डेव्हिड वॉर्नरचं नाव पुकारलं गेलं आणि एकही पाटी वर झाली नाही. आयपीएलमध्ये तीनदा सर्वाधिक धावा केलेला माणूस. जगासमोर 'अनसोल्ड' म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.