डांबरी रस्त्यांतील विलगनरोधक योजके

पाण्यामुळे खडीवरील डांबराचा लेप सुटू नये म्हणून डांबरी मिश्रणात घातले जाणारे पदार्थ. बहुतेक खडीला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. भेगांतून शिरलेले पाणी डांबराला बाजूला सारते. वाहनांच्या चाकांखाली या पाण्याचा दाब वाढून खडी मोकळी होते व खड्डे पडतात. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट अशा सिलिकायुक्त खडकांच्या खडीत हा दोष तीव्र असतो. चुनखडकात तो कमी आढळतो.

प्रमुख योजके दोन प्रकारची आहेत. चुनकळी विरवून केलेला चुना खडीच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के वापरतात. त्यातील कॅल्शियम डांबरातील आम्लधर्मी घटकांशी संयोग पावून बंध पक्का करते. अमाइनवर्गीय द्रव योजके गरम डांबरात अल्प प्रमाणात मिसळतात. त्यांच्या रेणूंचे ध्रुवीय टोक खडीला धरते, तर हायड्रोकार्बनी शेपटी डांबरात रुतते.

परिणाम तपासण्यासाठी मिश्रणाचे कोरडे व भिजवलेले नमुने बाजूने दाबून अप्रत्यक्ष ताणाने तोडतात. भारतीय महामार्गांच्या विनिर्देशांनुसार भिजवलेल्या नमुन्याचे बल कोरड्याच्या किमान ८० टक्के असावे लागते. मात्र पाण्याचा निचरा आणि पुरेशी दबाई नसेल, तर केवळ योजकांनी रस्ता टिकत नाही.