नोटेची ओळख : बोटांकडून यंत्राकडे

वरळीच्या समुद्रकिनारी कार्यालय असलेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' (स्थापना १९५२) या संस्थेने नव्या नोटा ओळखता येत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा वाद वस्तुतः मिलिमीटरांचा होता. जुन्या मालिकेतील शंभराची नोट १५७ व पाचशेची १६७ मिलिमीटर लांब होती. हे दहाचे अंतर अंध व्यक्ती बोटांच्या पेरांवर मोजीत असे. २०१६ नंतरच्या मालिकेत शंभर, दोनशे व पाचशे यांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५० झाली. रुंदी तिघींचीही ६६. उठावाच्या खुणा होत्या खऱ्या, पण त्या हाताळणीने झिजतात. नोटांचे आकार का बदलता, असे न्यायालयाने २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेस विचारले. १ जानेवारी २०२० रोजी बँकेचे 'मनी' हे मोबाइल ॲप आले. कॅमेऱ्यापुढील नोटेचे मूल्य ते इंटरनेटविना, आरंभी हिंदी व इंग्रजीत, बोलून सांगू लागले. खरीखोटी नोट मात्र ते पारखीत नाही. सोय मोठी, यात शंका नाही. परंतु पूर्वी जी ओळख नोटेच्या अंगीच होती, तिच्यासाठी आता फोन बाळगावा लागतो. नोट एका हातात, फोन दुसऱ्या हातात. मग धावत्या बसचा दांडा कशाने धरावयाचा?