बुरशीचे विष आणि गरिबाची भाकरी

उरण-पेणच्या मिठागरांतले मीठ आपण भाकरीत घालतो. परंतु भाकरीतले विष टाळण्याच्या कामीही मीठ उपयोगी पडते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९५६-५७ साली तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरी खाऊन अनेक लोक आजारी पडले. मळमळ, ओकाऱ्या, घेरी आणि गुंगी अशी लक्षणे होती. कारण होते अरगट ही बुरशी. फुलोऱ्याच्या वेळी हवा दमट व ढगाळ राहिली की ती कणसात शिरते आणि दाण्याच्या जागी काळसर विषारी गाठी धरतात. ह्या गाठी दाण्याहून हलक्या असतात. म्हणून १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे सोडले की गाठी वर तरंगतात व निरोगी दाणा तळाशी बसतो. तो चांगल्या पाण्याने धुऊन वाळवावा. उपाय असा स्वस्त आहे.

पण सगळीच विषे अशी तरंगत नाहीत. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे सुमारे १ लाख पक्षी मेले. त्यांना घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचे विष आहे, असे चौकशीत निघाले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृत नासवते आणि नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने जात नाही.

हे ज्ञान पुस्तकांत आले. आदिवासींच्या झोपडीपर्यंत मात्र पोचले नाही. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. तोच साठवला, तोच खाल्ला. ३९७ माणसांना कावीळ व जलोदर झाला. त्यांतील १०६ दगावली. त्याच घरांतील कुत्रीही मेली. ह्याचा सगळा दोष अडाणीपणाला देणे हा अन्याय होईल. ज्याला दुसरे धान्य विकत घेण्याची ऐपत नाही, तो बुरसटलेले निवडून टाकील तरी किती?

आपल्या किनाऱ्यावरही परतीचा पाऊस कापलेल्या भातावर पडतो. धान्य लवकर वाळवावे, गोणी जमिनीवर न टेकवता फळ्यांवर रचाव्यात, बुरसटलेला दाणा खाण्यात येऊ देऊ नये. एवढे घराच्या हाती आहे. परंतु भिजलेले धान्य फेकून द्या असे सांगणाऱ्याने त्याच्या बदल्यात चांगले धान्य देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. रेशनच्या दुकानात कुबट पोते आले, तर ते बदलून मागणाऱ्याला कटकट्या म्हणू नका. तो आपल्या सर्वांच्या यकृताची राखण करीत असतो.